टोमॅटोचं काळं बूड आणि हेल्माँटचे दोन औंस

कुंडीतल्या टोमॅटोला पहिलं फळ धरलं, की माणूस दिवसातून चारदा उगाचच तिथे जाऊन उभा राहतो. मीही राहायचे. फळ लिंबाएवढं झालं आणि एका सकाळी त्याच्या बुडाला, देठाच्या बरोबर विरुद्ध टोकाला, पाणी मुरल्यासारखा डाग दिसला. आठवडाभरात तो काळा पडला, आत दबला, हाताला चामड्यासारखा लागायला लागला. ज्याला विचारलं त्याने एकच निदान केलं: कॅल्शियम कमी पडलंय. मग अंड्याची टरफलं कुटून घातली. चिमूटभर चुनाही घातला. पुढची चार फळं तशीच काळ्या बुडाची निघाली. शेवटी माती तपासून घेतली, तर तिच्यात कॅल्शियम हवं त्याहून जास्तच होतं. पानं हिरवीगार, खोड जाडजूड, आणि फळ मात्र उपाशी.

मातीत आहे ते फळात का पोहोचत नाही, हे शोधताना अक्षरशः मुळापासून सुरुवात करावी लागली. माझ्या डोक्यातलं चित्र असं होतं: मूळ म्हणजे स्ट्रॉ, मातीतलं पाणी म्हणजे क्षारांचं सरबत, झाड ते खालून ओढतं आणि वर वाटून टाकतं. या चित्रात जवळजवळ प्रत्येक पायरीवर चूक आहे.

आधी हिशोब बघू, कारण तो मजेदार आहे. यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्माँट नावाच्या फ्लेमिश वैद्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका कुंड्यात भरली आणि त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. वरून भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण, म्हणजे धूळ पडून हिशोब बिघडायला नको. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड आणि ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती सुमारे दोन औंसांनी कमी. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये हे छापून आलं. त्याचा निष्कर्ष असा की झाड पाण्यापासूनच बनतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा भाग त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि दोन औंस म्हणजे साठ ग्रॅमही नाहीत, ते त्याने सोडून दिले.

आपला विषय तेवढाच आहे: ते सोडून दिलेले दोन औंस.

वाळलेल्या झाडाच्या वजनातला साधारण ९५ टक्के भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा असतो, आणि तो हवा-पाण्यातून येतो. लाकूड जाळल्यावर हातात उरते ती राख, म्हणजे मातीतून आलेल्या खनिजांचा मोठा भाग. वाळक्या लाकडाच्या वजनाच्या शंभराव्या हिश्शाइतकी, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पानं जाळली तर राख कितीतरी पट जास्त भरते. ही गोष्ट लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

हेल्माँटनंतर पन्नासेक वर्षांनी, १६९० च्या दशकात, इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्डने पुदिन्याची रोपं वेगवेगळ्या पाण्यांत वाढवली. पावसाच्या पाण्यातलं रोप कमी वाढलं, नदीच्या पाण्यातलं बरं, आणि बागेची माती कालवलेल्या गढूळ पाण्यातलं सगळ्यात जोमात. नुसतं पाणी पुरत नव्हतं तर. १८६० च्या सुमाराला युलियस फॉन साक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी याचं दुसरं टोक गाठलं: माती वापरलीच नाही, मोजूनमापून क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपं वाढवून दाखवली. झाडाला माती लागत नाही, मातीतले आयन लागतात, म्हणजे क्षार पाण्यात विरघळले की सुटे होणारे विद्युतभारित कण.

किती प्रकारचे? आजची यादी १७ मूलद्रव्यांची आहे. कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन ही तीन सोडली तर नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक जास्त प्रमाणात लागतात. लोह, मँगनीज, जस्त, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल अगदी कणभर. निकेलचं नाव तर १९८७ मध्ये नक्की झालं. कणभर म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून: झाडात नत्राच्या सुमारे दहा लाख अणूंमागे मॉलिब्डेनमचा एक असतो. पण तो एक नसेल, तर नायट्रेटपासून प्रथिनांकडे जाणाऱ्या वाटेवरचं पहिलंच विकर चालत नाही. मग पानात नायट्रेट साठत राहतं आणि झाड मात्र नत्रासाठी पिवळं पडतं. कोठार भरलेलं, पण किल्ली हरवलेली.

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकते, कारण तिच्यावरून फार भांडणं होतात. थोडीफार अमिनो आम्लं सोडली, तर मूळ सेंद्रिय पदार्थ जसाच्या तसा घेत नाही. कुजलेला पाला असो की पोत्यातलं दाणेदार खत, मुळाच्या दारात येतं तेव्हा ते नायट्रेट, अमोनियम, फॉस्फेट असं सुटं झालेलं असतं, आणि हे नायट्रेट कुठून आलं हे ओळखायची मुळाकडे सोय नाही. पाल्यामुळे माती भुसभुशीत राहते, ओल धरते, तिच्यातल्या जिवाणूंना खाद्य मिळतं, आणि त्याचं मोल वेगळं. पण "नैसर्गिक नायट्रेट" असा काही वेगळा प्रकार नसतो.

मातीतून मुळापर्यंत

मूळ एका जागी रुतलेलं. आयनांनीच त्याच्याकडे यायचं, नाहीतर मुळाने वाढत त्यांच्याकडे जायचं. दोन्ही होतं, पण प्रत्येक आयनाची चाल निराळी.

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे धन भाराचे आयन, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम, त्या कणांना चिकटून राहतात. पावसाने सहज वाहून जात नाहीत. नायट्रेटवर ऋण भार, त्याला माती धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर आरामात मुळापर्यंत येतं आणि जोराचा पाऊस झाला की तितक्याच आरामात खाली निसटूनही जातं.

पान तापलं, पाणी उडायला लागलं, की मुळाभोवतीचं पाणी मुळाकडे सरकतं, आणि त्याच्याबरोबर नायट्रेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे मोकळे आयन येतात. फॉस्फेटला मात्र हा प्रवाह उपयोगाचा नाही, कारण पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट असतंच नाममात्र. बाकीचं लोह, ॲल्युमिनियम किंवा कॅल्शियमशी घट्ट बांधलेलं. जे सुटं आहे तेही विसरणाने, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरत, गोगलगाईलाही लाज आणेल अशा गतीने सरकतं. परिणाम असा की मूळ आपल्या लगतचं फॉस्फेट उचलतं आणि एक-दोन मिलिमीटरचा रिकामा पट्टा तयार होतो. मिलिमीटर दोन मिलिमीटर पलीकडे फॉस्फेट पडलेलं असतं आणि मुळाच्या दृष्टीने ते दुसऱ्या गावात असल्यासारखं असतं.

हा पट्टा ओलांडायला झाडाकडे दोन युक्त्या आहेत. पहिली डोळ्यांनी बघता येते. ओल्या टिपकागदावर मोहरीचे पाच-सहा दाणे टाका, वर वाटी पालथी घाला आणि दोन-तीन दिवसांनी उघडा. पांढऱ्या मुळाच्या टोकाच्या जरा मागे बुरशी आल्यासारखी लव दिसेल. बहुतेक जण बुरशी समजून दाणे फेकून देतात. ती बुरशी नाही, मूलरोम आहेत. त्यातला प्रत्येक केस म्हणजे मुळाच्या सालीतली एकच पेशी, बाहेर लांबलेली. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी, आयुष्य काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. बोट हलकेच लावलं तरी लव चिकटून नाहीशी होते. रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते मान टाकतं, त्याचं मोठं कारण हेच: जाड मुळं आपण सांभाळून उचलतो, लव मातीतच तुटून राहते.

ही लव किती असते? १९३७ मध्ये हॉवर्ड डिटमर याने राय या गवतवर्गीय पिकाचं एकच रोप चार महिने एका खोक्यात वाढवलं आणि मग माती धुऊन मुळं मोजली. मोजली म्हणजे नमुने घेऊन हिशोब मांडला, पण तेवढंही करायला कमालीची चिकाटी हवी. मुळांची एकूण लांबी ६२० किलोमीटरच्या वर. मूलरोम सुमारे १४ अब्ज, आणि ते एकापुढे एक जोडले तर १०,००० किलोमीटरहून जास्त. हे सगळं पन्नास-पंचावन्न लिटर मातीत, एका रोपाचं.

दुसरी युक्ती म्हणजे भागीदारी. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांत बुरशी राहते. या जोडीला जर्मन शास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक याने १८८५ मध्ये मायकोरायझा हे नाव दिलं. बुरशीचा धागा मूलरोमाहूनही बारीक असतो, तो रिकाम्या पट्ट्यापलीकडे सेंटीमीटर सेंटीमीटर जातो, फॉस्फेट आणतो आणि मुळाच्या पेशीत झाडासारख्या फांद्या फुटलेल्या रचनेतून ते हवाली करतो. बदल्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ घेतो. ही देवाणघेवाण आजकालची नाही. स्कॉटलंडमधल्या सुमारे ४० कोटी वर्षं जुन्या खडकात वनस्पतींचे जीवाश्म सापडले आहेत, आणि त्यांच्या पेशींत तशाच फांद्या फुटलेल्या बुरशीचे ठसे आहेत. त्या वनस्पतींना आजच्यासारखी मुळंसुद्धा नव्हती. गंमत म्हणजे आत्ता टिपकागदावर उगवलेल्या मोहरीच्या कुळाने ही भागीदारी मोडून टाकली आहे. तिला तिची लवच पुरते.

कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हा आणखी एक करार, हवेतल्या नत्रासाठी जिवाणूंशी केलेला. ताजी गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी निघाली तर ती कामात आहे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या एका प्रथिनाचा. ती मोठी कथा आहे, इथे तिच्यात शिरत नाही.

दारावरचा दरवान

आता आयन मुळाला टेकला. स्ट्रॉच्या चित्रात तो पाण्याबरोबर आत जाईल. खरं काय होतं ते बघायचं तर आधी एका शैवालाकडे जावं लागेल.

गोड्या पाण्यात नायटेला नावाचं शैवाल असतं. त्याची एकेक पेशी काही सेंटीमीटर लांब, म्हणजे सुईने टोचून आतला रस काढता येण्याइतकी. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात डेनिस होगलंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तसा रस काढून तपासला. बाहेरच्या पाण्याच्या मानाने आत पोटॅशियम सुमारे हजार पट. विसरणाने असं कधीच होत नाही, विसरण दोन्हीकडे सारखं करून थांबतं. शिवाय ही भरती अंधारापेक्षा उजेडात जास्त होई. पेशी पैसे मोजून माल आत घेत होती, आणि पैसा उजेडातून येत होता.

मुळाच्या पेशीचंही तसंच आहे. पेशीभोवतीचं पटल तेलकट असतं, भारित आयन त्यातून आपोआप जाऊ शकत नाहीत. त्या पटलात जागोजाग एक पंप बसवलेला असतो. तो पेशीतली ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, बाहेर फेकतो. बाहेर आंबटपणा वाढतो, आत ऋण भार उरतो: साधारण १२० ते २०० मिलिव्होल्टचा फरक. पंप एवढंच काम करतो. पोटॅशियम, नायट्रेट यांच्याशी त्याचा थेट संबंधच नाही.

गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. मोटर फक्त पाणी वर चढवते, मग घरातले सगळे नळ त्या उंचीच्या जोरावर चालतात. इथे प्रोटॉन बाहेर चढवले की बाकीची कामं त्या फरकाच्या जोरावर होतात. पोटॅशियमवर धन भार, ते आतल्या ऋण भाराकडे ओढलं जातं आणि त्याच्यासाठी राखलेल्या बोगद्यातून आत शिरतं. नायट्रेट आणि फॉस्फेटवर ऋण भार, त्यांना आतली पेशी उलट ढकलते. मग ती परत आत धावणाऱ्या प्रोटॉनचा हात धरून येतात. त्यासाठी पटलात खास वाहक प्रथिनं असतात आणि प्रत्येक वाहकाची स्वतःची निवड असते.

वाहक असतात हे कळलं कसं, तर साध्या निरीक्षणावरून. १९५२ मध्ये इमॅन्युएल एपस्टाइन याने बार्लीची तोडलेली मुळं किरणोत्सारी रुबिडियमच्या द्रावणात ठेवून शोषणाचा वेग मोजला. (रुबिडियम पोटॅशियमसारखंच वागतं, आणि किरणोत्सारामुळे त्याचा माग काढता येतो.) द्रावण दाट करत गेलं तसा वेग वाढला, पण एका ठिकाणी येऊन थांबला. कितीही दाट करा, पुढे वाढ नाही. जिन्यावर गर्दी कितीही वाढली तरी लिफ्ट एका वेळी ठराविकच माणसं नेणार, तसं. नुसती भोकं असती तर गर्दीबरोबर वेगही वाढत गेला असता.

पंपाला ऊर्जा लागते, ऊर्जेला श्वसन, श्वसनाला ऑक्सिजन. म्हणून कुंडीत पाणी तुंबलं की झाड पाण्यात उभं राहून उपाशी मरतं. माती चिंब, खत भरपूर, पान पिवळं. अशा वेळी आपण "भूक लागली असेल" म्हणून आणखी खत घालतो. मीही घातलेलं आहे.

पण एक पळवाट राहतेच. मुळाच्या बाहेरच्या थरांत पेशींच्या भिंती स्पंजसारख्या सच्छिद्र असतात. पाणी आणि आयन पेशीत न शिरताच भिंतींमधून, गल्लीबोळांतून आत आत जाऊ शकतात. असंच सरळ मधल्या नळ्यांपर्यंत पोहोचता आलं असतं, तर वाहकांच्या निवडीला काही अर्थ राहिला नसता.

ही पळवाट बंद करते कॅस्पेरियन पट्टी. मुळाचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मधल्या वाहिन्यांच्या झुबक्याभोवती पेशींचं एक कडं दिसतं. ती अंतस्त्वचा. त्या कड्यातल्या प्रत्येक पेशीला कमरपट्ट्यासारखा एक पट्टा असतो, शेजारच्या पेशीच्या पट्ट्याला घट्ट भिडलेला. तो लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थाचा. विटांमधल्या फटी सिमेंटने भराव्यात तसा तो गल्ल्या बुजवतो, आणि पेशीचं पटलही त्याला असं चिकटलेलं असतं की बाजूने घुसायला जागा नाही. १८६५ मध्ये रॉबर्ट कास्पारी याने तिचं वर्णन केलं, नाव त्याच्यावरून. आता आत जायचं तर कुठल्या ना कुठल्या जिवंत पेशीच्या पटलातून, म्हणजे वाहकाच्या परवानगीनेच जावं लागतं. हीच पट्टी उलट्या बाजूनेही कामाची: आत जमवलेलं परत मातीत गळू देत नाही.

मला विचाराल तर अख्ख्या मुळातली सगळ्यात देखणी गोष्ट ही. पाण्याच्या स्ट्रॉला गाळणी असू शकते, पण ही गाळणी काय हवं ते स्वतः ठरवते, आणि झाडाला नत्र कमी पडलं की नायट्रेटचे वाहक वाढवते.

दरवान फसतोही. आर्सेनेटचा आकार आणि भार फॉस्फेटसारखा, म्हणून ते फॉस्फेटच्या दारातून आत येतं. भाताच्या पाणथळ शेतात आर्सेनिकचं रूप बदलतं आणि ते सिलिकॉनच्या वाटेने शिरतं. भात सिलिकॉन भरपूर घेतो, म्हणून दारंही भरपूर. कॅडमियम लोह-मँगनीजसारख्यांच्या दारातून घुसतं.

आणि पट्टी सगळीकडे एकसारखी नसते. मुळाच्या अगदी कोवळ्या टोकाशी ती अजून तयार व्हायची असते. कॅल्शियम मुख्यतः याच कोवळ्या भागातून आत येतं. माझा टोमॅटो इथे पुन्हा कथेत येतो: कुंडी दोन दिवस कोरडी पडली की पहिली वाळतात ती ही कोवळी टोकं.

वर चढताना

अंतस्त्वचेपलीकडे आयन पुन्हा एकदा जिवंत पेशीतून बाहेर सोडले जातात, या वेळी जलवाहिन्यांत. जलवाहिनी म्हणजे मेलेल्या पेशींची नळी. पेशी वाढते, भिंती जाड करते आणि मग मरून आतून पोकळ होते. झाड आपल्या मेलेल्या पेशींतून पाणी पितं.

पाणी चढतं ते वरून उडणाऱ्या वाफेच्या ओढीने. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून पानातून एक सुटला की मुळापर्यंतची सगळी साखळी वर सरकते. डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये ही कल्पना मांडली. तिच्याआधी तीन वर्षं एडुआर्ड स्ट्रासबुर्गरने २० मीटरहून उंच झाड बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभं केलं होतं. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, द्रावण मात्र चढत राहिलं. चढवण्याचं काम जिवंत पेशींचं नव्हतंच. मुळाने घेतलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त असं वाफ होऊन जातं.

रात्री पर्णरंध्रं मिटतात, ओढ थांबते. पण मुळातले पंप चालूच असतात, जलवाहिनीत क्षार जमत राहतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरतं. खालून दाब तयार होतो. पहाटे गवताच्या पात्याच्या अगदी टोकाला एकच टपोरा थेंब दिसतो, तो या दाबाचा. दंव पात्यावर सगळीकडे बसतं, हा थेंब फक्त टोकाला किंवा पानाच्या दात्यांवर असतो. उन्हात तो वाळला की कधी कधी पांढरट ठिपका उरतो. ते मुळातून आलेले क्षार.

खनिजं नेमकी जलवाहिनीतूनच चढतात, सालीतून नाही, हेही कोणीतरी दाखवावं लागलं. १९३९ मध्ये स्टाउट आणि होगलंड यांनी विलोच्या खोडावरची साल काही अंतरापर्यंत लाकडापासून सोडवली, मध्ये मेणकागद सरकवला आणि मुळांना किरणोत्सारी पोटॅशियम दिलं. त्याचं अर्धायुष्य बारा तासांच्या आसपास, म्हणजे सगळं घाईघाईत. मेणकागदाच्या पट्ट्यात पोटॅशियम जवळजवळ सगळं लाकडात मिळालं. पट्ट्याच्या वर आणि खाली, जिथे साल लाकडाला चिकटलेली होती, तिथे ते दोन्हीकडे होतं. चढतं लाकडातून, आणि वाटेत आजूबाजूला झिरपतं. पुन्हा विलोच, हेल्माँटचाच.

दुसरी नळी, आणि काळं बूड

सालीत दुसऱ्या नळ्या असतात, रसवाहिन्या. या जिवंत. पानात बनलेली साखर त्यांच्यातून मुळांकडे, कोंबांकडे, फळांकडे जाते, जिथे गरज असेल तिथे. तिच्याबरोबर काही खनिजंही जातात, म्हणजे एकदा पानात पोहोचलेलं नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम झाड पुन्हा उचलून दुसरीकडे नेऊ शकतं. तंगी आली की झाड म्हाताऱ्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं.

कॅल्शियमला हे जमत नाही, आणि कारण फार सुरेख आहे. जिवंत पेशीच्या आतल्या रसात कॅल्शियम जाणूनबुजून अतिशय कमी ठेवलेलं असतं. एकतर ते फॉस्फेटबरोबर साका बनून बसेल, आणि दुसरं म्हणजे पेशी कॅल्शियमचा वापर निरोप द्यायला करते. शांतता असेल तरच घंटा ऐकू येते. रसवाहिनीतला रस म्हणजे जिवंत पेशीतलाच रस, म्हणून त्यात कॅल्शियम नावापुरतंच. कॅल्शियमचा प्रवास फक्त जलवाहिनीतून, फक्त वर, आणि जिथे पोहोचलं तिथे मुक्काम.

यावरून पान वाचता येतं. मॅग्नेशियम कमी पडलं की शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी नक्षी खालच्या, जुन्या पानांवर उमटते. लोह कमी पडलं की अगदी तीच नक्षी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, कारण लोहही एकदा बसलं की सहजी हलत नाही. नक्षी एक, मजला वेगळा. खताची पिशवी उघडण्याआधी कुठल्या मजल्यावर पिवळं पडलंय ते बघावं, निम्मं निदान तिथेच होतं.

आता टोमॅटो. पानाला हजारो पर्णरंध्रं, त्यातून पाणी उडतं, म्हणून जलवाहिनीचा प्रवाह पानांकडे वळतो आणि त्याबरोबर कॅल्शियमही. टोमॅटोच्या फळाला पर्णरंध्रंच नाहीत, वर मेणाचं गुळगुळीत आवरण. त्याच्यातून पाणी फारसं उडत नाही, म्हणून त्याच्याकडे जलवाहिनीचं पाणी येतं बेताचं. फळ फुगतं ते मुख्यतः रसवाहिनीच्या जोरावर, आणि तिच्यात साखर भरपूर, कॅल्शियम शून्यवत. फळातही देठाजवळचा भाग आधी हात मारतो, बुडाच्या टोकाला उरलंसुरलं. नव्या पेशींच्या भिंती सांधायला आणि पटलं शाबूत ठेवायला कॅल्शियम लागतं, ते नाही मिळालं की पटलं गळायला लागतात. पाणी मुरल्यासारखा डाग म्हणजे त्या फुटलेल्या पेशी.

कडक ऊन, कोरडी हवा, मध्येच सुकलेली कुंडी, किंवा नत्र जास्त झाल्याने माजलेला पाला, यांपैकी काहीही झालं की पानं फळाच्या वाट्याचं ओढून घेतात. अमोनियम आणि पोटॅशियमचा मारा केला तर मुळाशीच कॅल्शियम मागे पडतं. टरफलांनी फरक पडणार नव्हता. ती विरघळायला महिनोन् महिने घेतात, आणि मुळात तुटवडा मातीत नव्हताच. मी पाण्याची वेळ बांधून घेतली, कुंडीवर वाळक्या पाल्याचा थर दिला आणि खताला सुट्टी दिली. डाग पडलेली फळं काही सुधारली नाहीत. त्यांच्यानंतर धरलेली मात्र स्वच्छ बुडाची आली.

हंगाम संपला तशी पानं पिवळी पडत गेली. पान गळण्याआधी झाड त्यातलं नत्र आणि स्फुरद मोडून काढून घेतं, साधारण निम्मं, कित्येकदा त्याहून जास्त. कॅल्शियमला परतीची वाट नसते, ते पानाबरोबरच खाली पडतं. हेल्माँटने पाच वर्षांनी विलो तोलला तेव्हा प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं, की चार शरद ऋतूंत गळलेल्या पानांचं वजन त्याने धरलेलं नाही.